आडव्या बाटलीचं मतदान

प्रवासवर्णन लिहिण्याइतका मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. कमीजास्त झालं तर माफ करा. 'लोकसहभाग' या विषयावर प्रकल्प होता, म्हणून बोटीने मांडव्याला उतरलो आणि रिक्षाने नागावच्या पुढच्या एका गावी, वर्गमित्राच्या मावशीकडे गेलो.

मालतीमावशी दर आठवड्याला बैठकीला (निरूपण ऐकायला) जातात. तिथल्याच बायांनी ग्रामसभेत उभं राहून दारूच्या दुकानावर मतदान मागून घेतलं होतं. शिक्का आडव्या बाटलीवर पडला तर दुकान बंद, उभ्या बाटलीवर पडला तर चालू. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर हवेत. घरी बसलेली बाई दुकानाच्याच कामी येते. मावशींचा मुलगा दिवसभर तिथेच पडलेला. दुकान बंद झाल्याशिवाय येणार नाही, असं सांगून सून माहेरी गेली होती.

पानात जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) होता, पण मावशी अर्ध्या पानावरून उठल्या. "ऊठ रे, मोहल्ल्यात जाऊ."

मोहल्ल्यातल्या पहिल्याच घराच्या दारात मावशींच्या जुन्या ओळखीच्या रुकय्याकाकी उभ्या होत्या. "काय गं मालती, बैठकीला कधी बोलावलं न्हाय, नि मताला बरी आठवण झाली!"

"टोमणे मागनं मार. तुझ्या जावयाचं पण भलं हाय त्यात."

"आमच्यात हराम हाय ती."

"म्हणून तर दुकानात मागच्या दारानं शिरतो!"

काकी तोंडावर पदर धरून हसल्या. येते म्हणाल्या.

परतताना वाटेत बैठकीच्या बाया भेटल्या, त्यांच्याकडून बैठकीचा निरोप कळला. मतदानाच्याच दिवशी तालुक्याला मोठी बैठक, टेम्पो सकाळीच निघणार.

"मतदान आहे म्हणून कळवा ना त्यांना," मी चाचरत म्हणालो.

"निरोपाला उलटा निरोप देत न्हाईत रे," त्यांतली एक म्हणाली.

मला बसवेना. किनाऱ्यावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. ज्या बैठकीने या बायांना बोलायचं बळ दिलं, तिथेच त्यांना बोलता येत नव्हतं. हे प्रकल्पात कसं मांडायचं, मला अजून कळलेलं नाही.

परीक्षेमुळे मतदानाच्या आदल्या दिवशीच परतलो. मतदान झालं, रात्र गेली, तरी काही कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला.

"मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या आल्या. रुकय्यानं तर म्हाताऱ्या सासूला धरून आणलं. आमच्याच बाया टेम्पोत बसल्या. बाटली उभीच राह्यली रे."

"आणि तुम्ही?"

"मी बैठक चुकवली, पहिल्यांदा. सुनेला हे फोनवर कसं सांगू? एसटीत बसलेय, तिच्याकडं चाललेय."