सही न घेतलेली तार

लष्करातून बडतर्फ होऊन आलो त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. सेवापुस्तकावरचा लाल शाईचा शेरा कुणाला दिसू नये म्हणून ते मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. पण शेरा गावाला पाठ होता. मुळशीच्या धरणाकाठचं आमचं गाव लहान. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा चढायचा, पेन्शनीत आलेले फौजी पुढच्या खुर्च्यांवर बसायचे, आणि मी त्या दिवशी मुद्दाम रानात जायचो. एकदा मुलीनं विचारलं, "आबा, तुमी का न्हाई येत झेंड्याला?" मी बैलांचं काहीतरी कारण सांगितलं.

झालं होतं असं. एकाहत्तरच्या लढाईच्या तोंडावर मी रजेवर घरी होतो. ही मुलगी तेव्हा आठ दिवसांची होती. खळ्यावर भात झोडत असताना हसनचाचा तार घेऊन आले. ते आमच्या भागाचे पोस्टमन, राहणारे पौडचे. मी पलटणीतून धाडलेलं प्रत्येक पत्र आईला त्यांनीच वाचून दाखवलेलं. तारेत रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा, एवढंच होतं. पोचपावतीवर सही हवी होती. मी म्हणालो, "चाचा, हात भरल्यात. उद्या करतो की." त्यांनी विश्वासानं मान हलवली आणि तार तशीच माझ्याकडं ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी घरात बसून होतो आणि बायकोला 'न्हाईत' म्हणायला लावलं. तार चुलीत घातली. घरात कुणी आजारी नव्हतं, अडचण कसलीच नव्हती. मी भ्यालो होतो.

लढाई थांबल्यावर पलटणीत गेलो आणि तार मिळालीच नाही असं सांगितलं. रेडिओवरून सगळ्या देशाला कळलेली लढाई मला एकट्याला कळली नाही, हे कोण मानणार? शिक्षा भोगून, बडतर्फ होऊन परत आलो. पण माझ्या त्या एका वाक्याची चौकशी पोस्टापर्यंत पोचली होती. पावतीवर सही नाही, म्हणून कामात कसूर केल्याचा ठपका चाचांवर बसला. त्यांना घाटाकडच्या लांबच्या वाड्यांची फेरी दिली. सगळी पायी. मला हे कळत होतं, आणि मी गप्प राहिलो.

पुढं पुण्यात एका कचेरीतल्या कारकुनानं आशा लावली. तार पोचवली नाही असं प्रतिज्ञापत्र पोस्टमननं करून दिलं, तर फेरविचार होऊन बडतर्फीच्या जागी साधी सेवानिवृत्ती लागू शकेल, असं तो म्हणाला. गावी येऊन मी भैरवनाथाला कौल लावला. मनात विचारलं, नाथा, चाचांकडं जाऊ का? मूर्तीला लावलेल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. देवाचीच परवानगी मिळाली असं धरून मी कागद टाइप करून घेतला आणि एसटीनं पौडला उतरलो.

चाचा आता रिटायर होऊन स्टँडमागच्या घरात असायचे. नजर मंदावली होती, गुडघे गेले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, चाचीनं चहा केला. मी अडखळत कागद वाचून दाखवला. ते हाकलून देतील असं वाटत होतं. दिलं तर बरं होईल, असंही वाटत होतं.

"आण, करतो सही," ते म्हणाले.

"चाचा, ह्यात चूक तुमची हाय असं लिवलंय."

"ऐकलं की. मला आता कुटं नोकरी करायचीया? तुझ्या पोरीचं समदं हुयाचंय अजून." चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "त्या दिशी सही घेऊनच उठायला पायजे हुतं मी. घेतली असती, तर तुझ्यावर खोटं बोलायची पाळी आली नसती."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं ते माझ्या खोट्याचा दोष स्वतःकडे घेऊन चालत होते.

तेवढ्यात अजान झाली. "बस, नमाज पढून येतो," म्हणून ते भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. गुडघे वाकत नव्हते म्हणून स्टुलावर बसूनच पढत होते. दारातून मला त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. त्या दहा मिनिटांत काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. मी काही पाहिलं नाही, कसला आवाज ऐकला नाही. एवढंच की मी चाचीसमोर लहान मुलासारखा रडलो. चाचांकडं जाऊ का, एवढंच मी देवाला विचारलं होतं. खोटं लिहून घेऊ का, हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

चाचा बाहेर यायच्या आत मी कागद फाडला. तहसील कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून खरं ते सगळं लिहून घेतलं. एक प्रत लष्कराला, एक पोस्टाला. चाचांना सांगितलं तर ते उलट माझ्यावरच चिडले. "आता कशाला? लोकं तुला नावं ठिवतील."

मुलीला मी स्वतः सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लष्कराचं उत्तर सात-आठ महिन्यांनी आलं. बडतर्फीत काही बदल होणार नाही, असं. माझा शेरा कायम राहिला, आणि राहायलाच हवा होता. त्यानंतर काही दिवसांनी चाचीचा निरोप आला, म्हणून पौडला गेलो. पोस्टाचं पत्र आलं होतं. चाचांवरचा ठपका काढून टाकण्यात आला होता. मी वाचून दाखवलं.

"परत वाच," चाचा म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी कागद हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली. "उमर गेली लोकांची पत्रं वाटण्यात," ते म्हणाले, "पर माझ्या नावाचं असलं पयलंच."

घाटातली त्यांची ती वर्षं मी परत देऊ शकलो नाही, गुडघेही नाही. जे मागायला निघालो होतो ते मिळालं नाही, आणि न मागितलेलं माझ्या हातून दुसऱ्याला मिळालं, याबद्दल मी भैरवनाथाचा ऋणी आहे. आता देवळात गेलो की काही मागत नाही. जे केलं ते सांगतो, नमस्कार करतो आणि घरी येतो.