अकोल्याच्या प्रेसमध्ये चार हवांचा भार

नांदगाव खंडेश्वरहून अकोल्याला निघालो ते मामीच्या हट्टामुळे. अमेरिकेतल्या लढाईपासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले, त्यात आता रेल्वेही अकोल्याला पोचलेली. आपण वेचून, रेच्यावर सरकी काढलेली रुई एकदा तरी आगगाडीने मुंबईला जावी, एवढंच तिचं म्हणणं. मी अमरावतीचा शाळामास्तर, मोडकंतोडकं इंग्रजी येणारा, म्हणून मामांनी मला सोबत घेतलं.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मूर्तिजापूरपर्यंत काळ्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की गाडीत बसण्यापेक्षा चाललेलं बरं. भाकरी-ठेचा घरूनच बांधून न्या. आम्हाला बैलांची वैरण आमच्या जेवणाहून महाग पडली.

रेल्वे सुटी रुई घेत नाही. आधी वाफेच्या प्रेसमध्ये दाबून गासडी बांधावी लागते. नेमकी आदल्या दिवशी तिथल्या बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारी नवी फ्रेंच तबकडी बसवली होती. जुनीवर काटा साठावर आला की प्रेस सुरू, हे बॉयलरवाल्या रहीमचाचांना पाठ. नवीवर काटा चारवर दिसला, तेव्हा वाफ कमी समजून ते कोळसा टाकत राहिले. शेवटी जादा वाफ सोडणारी झडप अशी किंचाळली की मामा वहाणा तिथेच टाकून पळाले. मीही मागे नव्हतो.

चाचांनी आग काढली आणि बाजूला बसले. "हे चार कशाचे ते सांगा. तवर मी आग लावत नाही." संध्याकाळची मालगाडी चुकली तर रुई दवात उघडी पडणार. मामांचा चेहरा उतरला.

इंग्रज इंजिनिअर, फ्रेंच फिटर आणि रुई घ्यायला आलेला जर्मन व्यापारी एकदमच बोलू लागले. ॲटमॉस्फिअर, आतमोस्फेर, आटमोस्फेरे! तिघांच्या भाषा तीन, पण शब्द एकच. इंजिनिअर साहेबाने समजावलं की आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असतं. तशा चार हवांचा भार म्हणजे जुन्या तबकडीवरचे साठ. मला ते चाचांच्या गळी उतरवता येईना.

मामा पुढे झाले. "गाडीत रुई भरताना गडी तुडवते ना, रहीमभाई? एक हवा म्हंजे एक गडी. आता चार गडी तुडवून राहिले."

चाचा हसले. चारवर लाल दोरा चिकटवून त्यांनी आग पेटवली. गासडी झाली, गाडीत चढली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मामा फलाटावरून हलले नाहीत.

घरी मामीने आधी रुईचं विचारलं. गेली म्हटल्यावर पदराने डोळे टिपले. मग मामांनी हवेच्या वजनाची हकीकत रंगवून सांगितली. ती तिने शांतपणे ऐकून घेतली.

"इतकी हवा डोक्यावर घेऊन फिरता, मंग पाण्याची घागर कावून जड होते तुमाले?"

तेव्हापासून त्या घरात पाणी मामाच भरतात.