सर्व्हररूमचे पुजारी

"बटणाला हात लावायचा नाही!" आमच्या चाकणच्या कंपनीतले आयटीचे साहेब दिवसातून दहा वेळा असं बजावायचे, आणि बजावताना स्वतःचं बोट मात्र त्या बटणावरच ठेवायचे.

ज्ञानाचा तर आनंदीआनंद! सर्व्हरच्या दर्शनी पट्टीवर एक बारकं बटण असतं. दाबलं की पुढे आणि मागे निळा दिवा लागतो. रॅकच्या मागे गेल्यावर आपलं मशीन कोणतं ते ओळखता यावं, एवढाच त्याचा उपयोग. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "निळा दिवा लागला म्हणजे सर्व्हर खुश." डोंबलाचा खुश! सर्व्हरच्या बोर्डावरचा जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी. अशी एक जादा आलेली टोपी साहेबांनी पाकिटात जपून ठेवली होती. "अख्खी कंपनी माझ्या खिशात आहे, राव!" मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा माणूस, हसू दाबून मान डोलवायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रेसपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी सर्व्हरचीही. ती खोली रोज पुसणाऱ्या मावशी कुरुळीच्या. त्यांनी त्या दिवशी लवकर येऊन खोली लख्ख केली, दाराला झेंडू बांधला आणि पूजेचं ताट घेऊन हौसेनं उभ्या राहिल्या. साहेबांनी ताट काढून घेतलं.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमचे मिस्टर नाहीत ना, म्हणून."

मावशी गेल्या. मी पेढ्यांचा बॉक्स धरून तिथंच होतो. बॉक्सची दोरी सोडवत राहिलो.

मग साहेबांनी अंगठ्यावर ओलं कुंकू घेतलं आणि टेकवलं कुठं, तर पॉवरच्या बटणावर! श्लोक लांबला, अंगठा तसाच. ते बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की मशीन बंद पडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आतले पंखे थांबले.

"बघा, किती शांत वाटतंय," साहेब म्हणाले.

शांत कसलं, कप्पाळ! थोड्याच वेळात डिस्पॅचची चलानं छापायची थांबली, गेटवर ट्रक अडले आणि प्लांट हेड धावत आले. साहेबांनी बेलाशक सांगितलं, "मावशींनी फडका मारताना बटण दाबलं असणार." मावशी ठेकेदाराकडून आलेल्या. एक तक्रार झाली की उद्यापासून घरी. त्यांच्या पगारावर दोन मुलींची कॉलेजं चालली होती.

मावशी सरळ प्लांट हेडसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, नवरा न्हाई म्हनून ह्यांनी मला दाराभाईर काढलं. बटनावर कुंकू हाय, बघा. ताट बी ह्यांनीच काढून घेतलं, मी कुठनं आनू कुंकू?"

"खरं आहे. मी होतो तिथं," मी म्हणालो.

मावशींची नोकरी राहिली. साहेबांनी माफी मागितली नाही. पुढे माणच्या कुठल्याशा कंपनीत गेले. जाताना केक कापला, सगळ्यांशी हात मिळवले. मावशी जिना पुसत होत्या, तिकडे फिरकलेही नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला मीच ताट घेऊन मावशींकडे गेलो. म्हटलं, "आता ते साहेब नाहीत. पूजा तुम्ही करा."

मावशींनी ताटाला हात लावला नाही.

"त्यांचं सोडा, भाऊ. तुमी बी तवा तिथंच हुता की."