माणिकबाईची सकाळची मूठ

माणिकबाई पहाटेच बाटली लावते, ही बातमी नांदगाव खंडेश्वरच्या त्या गल्लीत सर्वांत आधी कौशल्याला कळली, कारण बातमी निघालीच होती कौशल्याच्या घरून. मालाचा ऑटो यायच्या आधी माणिकबाई ओसरीत पाठमोरी उभी राहते, पिशवीतून तपकिरी बाटली काढते, झाकणात ओतते, मान मागे टाकून घेते आणि तोंड वाकडं करते, हे समोरच्या खिडकीतून तिनं तीनदा पाहिलं होतं. त्यात माणिकबाई हल्ली चालताना भिंतीला हात लावायची, बोलता बोलता मध्येच थांबायची आणि दुपारी कुणी दार वाजवलं तरी उठायची नाही. एवढ्या पुराव्यावर गल्लीनं निकाल देऊन टाकला. माल देशी की विलायती, एवढाच मुद्दा शिल्लक होता.

बाटलीत लोहाचं टॉनिक होतं. माणिकबाईच्या कानावर गोष्ट गेली तशी ती बाटली घेऊनच कौशल्याच्या दारात गेली. "घे, तू पन घे एक झाकन," ती म्हणाली. "रक्त वाढते म्हंतात. तुह्या जिभेले दिवसभर लय काम पडते."

कौशल्या हसली, गल्ली हसली, विषय संपला. पण माणिकबाई घरी येऊन बाजेवर बसली ती अर्धा तास उठली नाही. समोरच्या दारापर्यंत जाऊन यायचं म्हणजे वीस पावलं. तेवढ्यानं तिला धाप लागली होती, आणि हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

बावन्न वर्षांची ही बाई. गावाबाहेर वीस गुंठ्यांचा फुलांचा मळा, निम्म्यात शेवंती, निम्म्यात झेंडू. नवरा भगवंत पाणी-खत बघायचा आणि फुलांचा तोडा, बाजार नि भांडण हे सगळं माणिकबाईकडे होतं. सव्वीस वर्षं ती पहाटे मालाच्या ऑटोत वांग्या-टमाट्याच्या क्रेटवर बसून अमरावतीच्या फुलबाजारात जात होती. तिथं ओट्यावर तिची जागा ठरलेली. शेजारची बाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असली तर माणिकबाई मध्ये तोंड घालून दोघांनाही गप्प करायची.

चार वर्षांपूर्वी तिला थायरॉईड निघाला. डॉक्टरांनी बारीकशी पांढरी गोळी दिली, रोज सकाळी, जन्मभर. गोळी लागू पडली. तीन वर्षं माणिकबाई पुन्हा माणिकबाई होती. मग गेल्या उन्हाळ्यापासून थकवा परत आला. आधी तोड्याची शेवटची ओळ राहू लागली. मग ऑटोत डोळा लागू लागला. भर मे महिन्यात ती चादर पांघरून झोपू लागली, तेव्हा भगवंतानं नुसतं पाहिलं आणि पंखा बंद केला.

थकव्यापेक्षा तिला भीती होती ती बाजेची. तिची आई मैनाबाई पंचावन्नाव्या वर्षी अशीच बसली होती. काही दुखत नव्हतं, ताप नव्हता, नुसता दम नव्हता. चार वर्षं ती बाजेवरच राहिली आणि तिथूनच गेली. लोक म्हणायचे, मैनाबाई आळशी निघाली. माणिकबाई तेव्हा लग्नाची होती, आणि मनातून तिलाही तसंच वाटलं होतं. आता पहाटे डोळे उघडले की ती आधी पायांची बोटं हलवून बघायची आणि पंचावन्नाला किती उरले ते मोजायची.

मग उपाय सुरू झाले. अकोल्याची धाकटी बहीण दीपमाला ताकदीच्या गोळ्या-पावडरी विकणाऱ्या एका कंपनीच्या मीटिंगांना जायची. तिनं कॅल्शियमचा डबा पाठवला, वर फोन. "ताई, हाडं पोकळ झाली तुही. बाकी काही नाही." योगेशनं, म्हणजे माणिकबाईच्या एकुलत्या एक पोरानं, अमरावतीहून रंगीत गोळ्यांची बाटली आणली, तिच्यात म्हणे सगळीच जीवनसत्त्वं होती. तो तिथं एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होता आणि रविवारी घरी यायचा. लोहाचं टॉनिक तिनं स्वतः घेतलं. नंतर दीपमालाकडून सोयाबीनच्या प्रोटीनची पावडर आली. महिनाभरात फरक पडला नाही, तेव्हा दीपमाला म्हणाली, कॅल्शियम डबल कर.

हे सगळं माणिकबाई एकाच वेळी घ्यायची, पांढऱ्या गोळीसकट. पावणेपाचला चहा उकळायचा, त्यात पावडर ढवळायची, मुठीत सगळ्या गोळ्या घ्यायच्या आणि तोंडात टाकायच्या. ओसरीत जाऊन वरून टॉनिकचं झाकण. भगवंतानं एकदा विचारलं, "एवढ्या साऱ्या एकदमच?"

"मंग का दिवसभर गोळ्याच खात बसू?" ती म्हणाली. "फवारनी करता तवा तुमी का दहा चकरा मारता? अळीचं, बुरशीचं, टॉनिक, समदं एकाच पंपात टाकता ना? तसंच हाय हे."

यावर फूलवाला माणूस काय बोलणार? पाठीवर पंप घेऊन मळ्यात एक चक्कर मारायची तर कंबर मोडते. तीन औषधांसाठी तीन चकरा कोण मारतो? सगळं एकत्र ढवळायचं आणि सुटायचं, हीच तिकडची रीत. शिवाय मिसळण्याच्या विषयावर त्या घरात भगवंताला तोंडच नव्हतं.

त्याचं कारण गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं. अकरा वर्षांपूर्वी मळ्यात नवीन ड्रिप, म्हणजे ठिबक, बसवलं, तेव्हा भगवंतानं कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट ही दोन खतं एकाच ड्रममध्ये कालवून सोडली होती. ही दोन खतं एकमेकांशी जमत नाहीत. ड्रममध्ये दह्यासारखा पांढरा साका झाला, तो नळ्यांत गेला आणि चाळीस ड्रीपर जाम झाले. माणिकबाई चार दिवस सुई घेऊन एकेक तोंड उकरत बसली होती. तेव्हापासून हा किस्सा तिनं प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही सांगितला होता. शेवट ठरलेला असायचा. "कॅल्शियम आपलं एकटं सोडा लागते, हे शेंबड्या पोरालेही समजते. यायले नाही समजलं."

श्रावण लागला तशी फुलांची मागणी वाढली आणि माणिकबाई खचत गेली. तिचा आवाज जड झाला. चेहरा सुजला, तर बाजारातल्या बायका म्हणाल्या, बाई अंगानं भरली. एकदा ती ओट्यावर झेंडूच्या ढिगाला टेकून झोपली. जाग आली तेव्हा ढीग अर्धा झाला होता आणि शेजारच्या बाईनं तिचाही माल विकून ठेवला होता. चांगुलपणाच होता तो. माणिकबाईला तो झोंबला. त्या ओट्यावर आजवर तिनं दुसऱ्यांचा माल विकून दिला होता.

पुढच्या रविवारी योगेश मळ्यात गेला, तर आई शेवंतीच्या दोन ओळींच्या मध्ये बसलेली.

"काय शोधून राहिली, आई?"

"काही नाही. बसली जराशी."

"किती वेळची?"

तिनं उठायला जमिनीवर हात टेकले. त्यानं काखेत हात घालून तिला उठवलं, तेव्हा तिचे पाय थरथरत होते. घरी आल्यावर तो बापासमोर म्हणाला, "मी पुंजारामकाकाशी बोललो. दसऱ्यापर्यंत पाहू. तोवर तब्येत नाही सुधारली तर मळा त्याहिले ठोक्यानं देऊन टाकू. आई आराम करन."

पुंजारामचं वावर मळ्याला लागून होतं. माणूस वाईट नव्हता. पण ठरलेले पैसे देऊन वर्षभराच्या ठोक्यानं मळा कसायला घेतला की तो शेवंती उपटून हरभरा पेरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बाजारातल्या ओट्यावर वर्षभर कुणी बसलं नाही तर तिथं दुसरं कुणी बसतं.

"आराम म्हंजे बाज," माणिकबाई म्हणाली. "सरळ बोल ना."

योगेश भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिला. त्याला भीती वाटतेय हे तिनं ओळखलं, आणि तिची भीती आणखी वाढली. दुसऱ्या दिवसापासून मुठीत कॅल्शियमची तिसरी गोळी आली.

वर्षभरात तिनं रक्त तपासलं नव्हतं, जुन्याच चिठ्ठीवर गोळीची पाकिटं आणत होती. ती आणायची वर्षालीकडून. वर्षाली गल्लीतलीच पोरगी, फार्मसी शिकलेली, बसस्टॅंडजवळच्या मेडिकलमध्ये बसायची. या वेळी तिनं पाकीट हातात दिलंच नाही. "काकू, आधी रक्त तपासा. तुमचा आवाज आयकला का तुमी?"

रिपोर्ट आला. थायरॉईडचा जो आकडा पाचाच्या आत पाहिजे तो एकतीस होता. माणिकबाईला आकड्यातलं फार कळत नव्हतं, पण कागदावर तो ठळक छापला होता आणि बाजूला बाण होता. तिनं कागद घडी करून हारांच्या सुताच्या बंडलात खुपसला. तीन दिवस तो तिथंच राहिला. हार ओवताना सूत ओढलं की कागद कुरकुरायचा आणि तिचं बोट सुईवर जायचं. डॉक्टरकडे गेलं की तो सांगणार, झाली तुमची मैनाबाई. घरी दाखवलं तर दसऱ्याचीही वाट न बघता पुंजाराम येणार.

चौथ्या दिवशी ती कागद घेऊन मेडिकलमध्ये गेली. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून आत शिरली.

"वर्षाली, याच्यावर काही पावरचं दे. अजून एखादी ताकदीची गोळी दे."

वर्षालीनं कागद वाचला. "काकू, पांढरी गोळी बंद केली का?"

"एक दिवस चुकली नाही. देवाची शपथ."

"घेता कशी?"

माणिकबाईनं पहाटेची सगळी रीत सांगितली. चहा, पावडर, मूठ, झाकण. सांगताना जरा ऐटच होती, एवढं सगळं आपण नेमानं करतो म्हणून. वर्षालीनं कपाळाला हात लावला.

"काकू, ते गोळी उपाशी पोटी, साध्या पान्यासोबत, एकटीच घ्या लागते. चहा अर्ध्या-एक तासानं. लोह आन् कॅल्शियम तर चार घंट्यांनी. सोबत घेतलं का ते पोटातच गोळीले धरून बसते. अंगात पोचूच देत नाही. तुमी जितकं कॅल्शियम वाढवलं तितकी गोळी वाया गेली."

माणिकबाई काउंटरला धरून उभी होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे साका झाला."

"काय?"

"ड्रमात. कॅल्शियम आपलं एकटं सोडा लागते." आणि बाहेर कुणी ऐकत नाही ना, हे तिनं मान वळवून बघितलं. "वर्षाली, हे भगवंतरावले सांगजो नको."

पण अमरावतीच्या डॉक्टरकडे न्यायला भगवंतच होता. डॉक्टरांनी सगळे डबे टेबलावर मांडायला लावले आणि वर्षालीचंच म्हणणं पुन्हा सांगितलं, फक्त मोठ्या आवाजात. रक्त खरंच कमी होतं, सुरुवातीचा थकवा त्याचाच, म्हणून लोह ठेवलं, पण दुपारी. बाकीचं बंद. गोळीची ताकद लगेच वाढवली नाही. आधी नीट घ्या, सहा आठवड्यांनी रक्त बघू. भगवंतानं सगळं ऐकलं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचे खांदे हलताहेत असं माणिकबाईला दोनदा वाटलं.

ते सहा आठवडे तिला सहा वर्षांसारखे गेले. पहिल्या पंधरवड्यात काहीच बदललं नाही. पहाटे एक इवलीशी गोळी आणि पेलाभर पाणी. मूठ रिकामी वाटायची. फळीवरचे डबे तिला बोलवायचे. एकदा तिनं कॅल्शियमचं झाकण उघडलंही. भगवंत दात घासत होता. त्यानं कोपऱ्यातली ड्रिप साफ करायची जुनी सुई उचलून फळीवर डब्याशेजारी ठेवली आणि चूळ भरायला गेला. तिनं झाकण लावलं. अकोल्याहून दीपमालाचा फोन आला, ती रुसली होती. "माह्या वस्तू वाईट ठरवल्या तुनं." माणिकबाई म्हणाली, "वस्तू वाईट नाही, बाई. मीच समद्यायले एका पंपात कोंबलं."

चौथ्या आठवड्यात एका पहाटे ती ऑटोत जागी राहिली, थेट अमरावतीपर्यंत. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. बोलली तर जाईल अशी भीती होती. पाचव्यात तोड्याची शेवटची ओळ पुरी झाली. तरी संध्याकाळी पाय सुजायचे, आणि ती रात्रीच्या जेवणाआधी पेंगायची, आणि पुंजाराम बांधावरून जाता-येता शेवंतीकडे बघायचा.

दसऱ्याच्या चार दिवस आधी रिपोर्ट आला. एकतीसाचे नऊ झाले होते. डॉक्टर म्हणाले, रस्ता बरोबर आहे, अजून दोन महिने असंच. योगेशनं कागद दोनदा वाचला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. पण पुंजारामला तोवर कुणी नाही म्हणालं नव्हतं. ठरल्याप्रमाणे तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी मळ्यात आला आणि पावलं टाकून रुंदी मोजू लागला. गल्लीतली चार माणसं तोड्याला आली होती, त्यांत कौशल्याही होती. शेवंती पिवळीधमक होती आणि माणिकबाई ओळीत उभी होती, भिंत नाही, काठी नाही.

भगवंतानं अकरा वर्षं वाट पाहिलेली वेळ हीच. त्यानं घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुंजाराम, तुले एक किस्सा सांगतो. कॅल्शियम आपलं एकटं सोडा लागते, हे शेंबड्या पोरालेही समजते. आता इचार, कोनाले नाही समजलं."

सगळे माणिकबाईकडे बघू लागले. तिनं ओच्यातली फुलं टोपलीत टाकली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा, पुरं सांगा. पन तुमचे चाळीस जाम झाले होते, माहा एकच झाला. तुमचेही मीच उकरले, माहाही मीच उकरला. पुंजारामभाऊ, पावलं मोजनं झालं असन तर टोपली उचला, ऑटो येऊन राहिला."