नागपूरच्या गोळ्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — हसू आलं तर हसा, मलाही अजून येतं.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. आम्ही केळापूरला. नवरा जिनिंगच्या कारखान्यात कामाला, आणि जिनिंग अर्धं वर्ष बंद. त्यातच सासूबाईंचं पोट बिघडलं ते बिघडलंच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — यांना गहू सोसत नाही. पोळी बंद, ज्वारीची भाकरी, आणि आतड्यांसाठी चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या. त्यांतही गव्हाचा अंश नको. तिथल्या मोठ्या दुकानात त्या मिळाल्या, पण भारी महाग. दर महिन्याला आणायचं काम माझ्याकडे आलं.

तिसऱ्या महिन्यात नागपूरची बस चुकली. यवतमाळची उभी होती, चढले. तिथे माझी कॉलेजातली मैत्रीण नसरीन राहायची. तिच्या गल्लीतल्या साध्याशा मेडिकलवाल्यानं एक डबी उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचली. म्हणाला, "याच्यातबी गहू नाही, ताई." किंमत निम्म्याहून कमी!

मग मी धावत घरी जाऊन सांगितलं असेल — असंच वाटतं ना?

नाही सांगितलं. पुढं वर्षभर मी 'नागपूरला' जात राहिले. नसरीनच्या पलंगावर लोळायचं, पोट दुखेपर्यंत हसायचं, उरलेल्या पैशात कचोरी, एकदा तर बांगड्याही. येताना गोळ्या नागपूरच्या जुन्या डबीत ओतायच्या. महिन्यातला एक दिवस मी कोणाची सून नव्हते. काय सुख होतं ते! आता कबूलच करायला बसले, तर तेही का लपवू?

एकदा फळी पुसताना मागे लपवलेला एक डबा हाती लागला. आत गोळ्या, महिन्यामागून महिने उरत गेलेल्या. सासूबाईंना विचारलं, तर ओशाळल्या.

"महागाच्या हायेत ना बाई, म्हणून एक दिवसाआड खातो, बाकीच्या साठवतो. तुले नागपूरची दगदग कायले?"

माझी दगदग! मला त्यांच्याकडे बघवेना. वर्षभर त्या पोट धरून बसायच्या, आणि मला वाटायचं — गोळ्यांना वेळ लागतो.

तेव्हा तरी खरं बोलायचं? दुसऱ्या दिवशी यवतमाळला गेले आणि आल्या आल्या जाहीर केलं — सापडल्या! यवतमाळात, साध्या दुकानात, स्वस्त! सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्या दिवसापासून गोळी रोज. उन्हाळ्यापर्यंत अंग भरलं, आणि धाकट्या दिराच्या वरातीत त्या अशा नाचल्या, की बँडवाले थांबायचे पण त्या थांबेनात. मीही नाचले, त्यांचा हात धरून.

आजही घरी कोणी आलं, की त्या खणखणीत आवाजात सांगतात, "माह्या सुनेनं माह्यासाठी सारं यवतमाळ पालथं घातलं!"

आणि मी सांगू देते.