दरबारी म्हणा, खुशाल

"हा कोण? आणि तुमचा याच्याशी संबंध काय?" असं म्हणत गाईड सरांनी माझा कागद टेबलावरून परत सरकवला.

बाहेरून एम.ए. करणाऱ्यांना शेवटच्या वर्षी एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. इतिहासाच्या प्रबंधासाठी मी विषय दिला होता सतराव्या शतकातल्या एका स्कॉटिश राजदरबाऱ्याचा.

"अहो, सतरावं शतकच हवं तर आपल्याकडे काय कमी आहे?" सर म्हणाले. "शिवकाळ घ्या. हा माणूस ना कुठे लढला, ना त्याने राज्य केलं. राजाचे कपडे सांभाळणारा खुशमस्कऱ्या!"

"लढलेल्यांवर पुष्कळ लिहून झालंय, सर. मला हाच हवाय."

तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. बावीस वर्षं मी एकाच मालकाच्या केबिनबाहेर बसत होते, आधी भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि कंपनी वाढल्यावर चाकणला. कागदोपत्री सेक्रेटरी. शॉपमधले, म्हणजे मशीनवरचे लोक मागून 'साहेबांची चमची' म्हणत, आणि ते माझ्यापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने म्हणत.

तो दरबारी मला सापडला कंपनीच्या बसमध्ये. दापोडीहून चाकणला पोचायला दीड तास सहज जातो. त्या वेळात मी मोबाइलवर अभ्यासाचं वाचायचे. त्याच्या राजावरच्या एका लेखात तळटिपेत त्याचं नाव आलं. मग मी त्याचा पिच्छाच पुरवला.

लहानशा जमीनदार घराण्यातला तो. तरुणपणीच राजाच्या खासगी चाकरीत लागला. स्कॉटलंडच्या राजाला इंग्लंडची गादी मिळाली आणि राजा लंडनला गेला, तेव्हा हाही बरोबर गेला. राजाच्या शयनगृहात ज्यांना मुक्त प्रवेश होता, अशा मोजक्या माणसांपैकी तो एक. उठताना राजाला कपडे द्यायचे, झोपताना जवळ असायचं. पण खरं काम वेगळंच होतं. राजा गेला शेकडो मैल दूर, आणि मागे राहिलेल्या देशाची गाऱ्हाणी पत्रांतून येऊ लागली. त्यातली कितीतरी पत्रं याच्या हातून जात. कोणतं पत्र राजापुढे कधी ठेवायचं, हे त्याला कळत होतं. मोठमोठे सरदार त्याची मनधरणी करत. पुढे त्याला जमिनी मिळाल्या, मोठा किताबही मिळाला.

हे वाचताना बस मोशीच्या सिग्नलला अडकली होती. मी मोबाइल मांडीवर ठेवला आणि स्वतःशीच म्हटलं, अगं, ही तर तुझीच नोकरी!

कारण साहेबांचा दिवस मला पाठ होता. सकाळी आल्या आल्या रजेचा अर्ज ठेवला तर नामंजूर. बँकेचा फोन होऊन गेल्यावर काहीच ठेवायचं नाही. जेवण झालं, बडीशेप तोंडात टाकली, की पंधरा मिनिटं माणूस मऊ. कित्येकांच्या बहिणींची लग्नं आणि आईची ऑपरेशनं मी त्या पंधरा मिनिटांत पार पाडली आहेत. ज्यांची पार पाडली, तेही चमचीच म्हणायचे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. मोल्डिंग विभागात कंत्राटी मुली घेतल्या, पण त्यांच्यासाठी शॉपमध्ये संडास नव्हता. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत यावं लागे, आणि सुपरवायझर घड्याळ बघत उभा. मुली पाणीच पीत नसत. एकदा एकीला लाइनवर चक्कर आली. बीडकडची पोर. तिला माझ्या खुर्चीत बसवून पाणी दिलं, तर म्हणाली, "नको ताई. पाणी पिलं की पुन्हा जावं लागतंय."

त्यांचे तीन अर्ज साहेबांनी परत पाठवले होते. 'जागा नाही' एवढाच शेरा. चौथा मी माझ्या खणात ठेवला आणि थांबले.

मे महिन्यात साहेबांची कॉलेजात शिकणारी मुलगी कंपनी बघायला आली. साहेब म्हणाले, "हिला प्लांट दाखवा." मी दाखवला. आधी कँटीनमध्ये तिला दोन ग्लास ताक पाजलं, आणि मग पार शेवटच्या शेडपर्यंत नेलं. हे आज पहिल्यांदाच कबूल करतेय. तासाभराने तिने विचारलं, "काकू, इथे वॉशरूम कुठे आहे?"

"ऑफिसमध्ये," मी म्हटलं. "ह्या सगळ्याजणी तिथेच जातात."

भर उन्हात ती निघाली. शेजारून लाइनवरची एक मुलगी अक्षरशः पळत होती. "एवढी घाई का?" साहेबांच्या मुलीने विचारलं. "टाइम लावलाय," एवढंच बोलून ती पुढे गेली.

त्या दुपारी साहेबांनी बडीशेप तोंडात टाकली, मुलगी समोर बसलेली होती, आणि मी चौथा अर्ज पुढे ठेवला. साहेब "जागा..." म्हणेपर्यंत तिने तो ओढून घेऊन वाचला.

"बाबा, तीनदा नाही म्हणालात तुम्ही?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं त्यांना. तरी सही केली. दिवाळीच्या आत बांधकाम झालं, आत पाण्याची टाकीसुद्धा.

दोन वर्षांनी साहेबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर आला. त्याने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "मॅडम, मला दारात माणूस नको. सगळं मेलवर येऊ दे. तुम्ही स्टोअरला बसा." त्याला वाटलं, मी राजीनामा देईन. मी दुसऱ्या दिवशी सव्वाआठला स्टोअरमध्ये हजर होते. नट-बोल्टच्या रॅकमागे जेवणाच्या सुट्टीत बसून मी प्रबंध लिहून काढला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, आणि शेजारी आमचे गाईड सर. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "राजाच्या कानाला लागून स्वतःचं भलं करून घेणाऱ्याची तुम्ही तरफदारी करताय?"

"भलं करून घेतलं त्याने. तेही लिहिलंय मी, चौथ्या प्रकरणात," मी म्हटलं. "पण मॅडम, राजाला भेटायचा हक्क मूठभरांना होता. बाकीच्यांना असा एखादा माणूसच आधार. त्याला खुशमस्कऱ्या म्हणणं सोपं आहे. राजाने दार सगळ्यांना उघडं का ठेवलं नाही, हे कोणी विचारत नाही."

"हे कशावरून?"

"त्याला आलेल्या पत्रांवरून. ती कशी वाचायची, हे मला पुस्तकांनी नाही, नोकरीने शिकवलं. मी स्वतः दरबारी होते. मला त्याची लाज वाटत नाही."

सर खाली बघून पानं उलटत राहिले. बाई मात्र पुढचा अर्धा तास फक्त पत्रांबद्दल विचारत होत्या, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. निकाल कळल्यावर धाकटे साहेब स्टोअरमध्ये आले. "अभिनंदन, मॅडम. आता कुठे शिकवायला का जात नाही? इथे काय ठेवलंय?"

"शिकवेन की, रविवारी," मी म्हटलं. "सोमवार ते शनिवार मी इथेच आहे. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत माझी."

ते निघून गेले. मी आलेला माल तपासायला घेतला.