पांढऱ्यावर पांढरं

दीक्षा खराडीच्या कंपनीत नेमकं काय करते, हे तिच्या आईला, खडकीच्या प्रेमलाताईंना, धड सांगता यायचं नाही. पण विहारात वंदनेनंतर विषय निघाला की त्या खुशाल सांगायच्या, "मोबाइलमधली बटणं आमची दीक्षा काढते." गोळ्यांची आठवण करून देणारं तिचं अॅप त्यांनी हौसेनं घेतलं होतं. बटणांमागे फोटो लावला होता बुद्धपौर्णिमेचा: पांढऱ्या साडीत त्या, पांढऱ्या सदऱ्यात तात्याराव. नवरा जायच्या आधीचा दोघांचा तो शेवटचा फोटो. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायची, तात्यारावांकडे बघायचं आणि 'घेतली' दाबायचं. तिकडे लेकीच्या फोनवर निरोप जायचा आणि तिचा जीव निवांत व्हायचा.

मग अॅपला नटायची हुक्की आली. बटणं काचेची झाली, बोट लावलं की पाण्यासारखी हलायला लागली. कंपनीत दीक्षाचं कौतुक झालं, केक कापला गेला. आता काचेतून पलीकडचं दिसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. इथं पलीकडे तात्यारावांचा सदरा, आणि त्यावर पांढरी अक्षरं! प्रेमलाताई अंदाजानं बोट टेकवायच्या, ते नेमकं शेजारच्या 'नाही घेतली'वर पडायचं.

लगेच दीक्षाचा फोन. "आई, जिवाशी खेळ चाललाय का तुझा?"

"घेतली गं बाई."

"मग बटण दाबायला काय होतं?"

काय सांगणार? केकचा फोटो साऱ्या विहाराला दाखवून झाला होता. लेकीच्या कामाला नावं ठेवायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी त्यांनी गुपचूप तात्यारावांचा फोटोच काढून टाकला. मागं उरलेल्या काळ्या पडद्यावर बटणं लख्ख दिसली. सकाळ मात्र सुनी सुनी वाटायला लागली.

रविवारी दीक्षा आली, तिनं आईचा मोबाइल हातात घेतला. "बाबांचा फोटो कुठं गेला?"

"तुझी बटणं दिसेनात त्यांच्यापुढं. म्हटलं, तुझंच दिसू दे."

दीक्षानं फोटो परत लावला, गोळी आईच्या हातावर ठेवली, आणि आईनं ती गिळल्यावर स्वतःच बटण दाबलं. तिच्या पर्समधला फोन वाजला: 'आईने गोळी घेतली नाही.'

दीक्षाचे डोळे भरून आले. "अगं, सांगायचंस ना मला!"

"सांगणार होते," प्रेमलाताई पेला विसळत म्हणाल्या, "पण तुम्ही केक कापून बसला होतात."